तिसरा प्लग

रविवारी सकाळी साडेनऊला यांनी गाडीचं बॉनेट उघडलं, तेव्हा माझ्या मौनाचे अजून अडीच तास उरले होते.

मौन म्हणजे फार मोठं काही नाही. उठल्यापासून दुपारी बारापर्यंत मी बोलत नाही, एवढंच. एकोणीस वर्षं झाली. नणंदेला मी एकदा भरल्या घरात नको ते बोलले, आणि क्षमा मागायला जाईन जाईन म्हणत राहिले, तोवर ती गेली. तेव्हा ठरवलं, जी जीभ आवरत नाही तिला अर्धा दिवस तरी बांधून ठेवायची. घरात आता सगळ्यांना सवय झाली आहे. हे शेजाऱ्यांना सांगतात, "आमच्याकडचा रेडिओ बारानंतर लागतो. सकाळी नुसती खरखर." खरखर म्हणजे माझी भांडी.

एंजिनात ठिणगी पाडणारे प्लग बदलणं यांना नवीन नव्हतं. हे पाणी उपसण्याच्या केंद्रावर फिटर होते. चौतीस वर्षं पंपांच्या आवाजात काढली, म्हणून उजव्या कानानं कमी ऐकू येतं. गाडी घेतल्यापासून तिच्या एंजिनाला दुसऱ्याचा हात लागू दिला नाही. गाडी आणि दाढी ज्याची त्यानं करावी, असं म्हणतात. पण या खेपेला चार प्लगांवर गाडीची किल्ली लागली होती.

झालं होतं असं. दोन महिन्यांपूर्वी गाडी शेडमध्ये घेताना यांनी डावा दरवाजा खांबाला घासला. पुढं एकदा हँडब्रेक न लावता उतरले आणि गाडी आपली आपण चार हात मागं गेली. समोरच्या घरात राहणाऱ्या बाईंना गल्लीत सगळे दुर्बीण म्हणतात. त्यांनी ते पाहिलं आणि आमच्या लेकीला फोन केला. लेक रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे. रिपोर्ट हातात आल्याशिवाय बोलायचं नाही आणि रिपोर्ट हातात आल्यावर गप्प बसायचं नाही, हा तिचा स्वभाव. ती आली, चहा घेतला, कप विसळून पालथा ठेवला आणि म्हणाली, "बाबा, किल्ली द्या. आता पुरे."

हे आधी हसले, मग चिडले, मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. शेवटी तोडगाही त्यांनीच काढला. गाडी तेव्हा मिसिंग मारत होती. म्हणजे चढावर जोर लागला की एंजिन मधेच एखादा ठोका चुकवायचं आणि गाडी उचकी लागल्यासारखी हिसके द्यायची. हे म्हणाले, प्लग गेलेत, ते मी बदलतो, माझे मी. रविवारी संध्याकाळी पाचला तू ये आणि तूच गाडी पाण्याच्या टाकीच्या चढावर ने. एक जरी हिसका बसला तरी किल्ली तुझी. नाही बसला, तर हा विषय परत काढायचा नाही.

लेकीनं थोडा विचार केला. ज्याचा हात आणि डोकं एवढं बारीक काम नीट करतं, त्याला गाडी चालवू द्यायला हरकत नाही, असं तिनं मनाशी धरलं असावं. ती हो म्हणाली. मला कुणी काही विचारलं नाही. विचारलं नाही म्हणून मला हायसंच वाटलं.

कारण मला जे माहीत होतं ते लेकीला माहीत नव्हतं. गेल्या महिन्यात डोळ्यांच्या दवाखान्यातून आम्ही परत येत होतो. चौकात लाल दिवा होता म्हणून थांबलो. दिवा हिरवा झाला, शेजारच्या गाड्या सुटल्या, मागचे हॉर्न वाजवायला लागले, आणि हे दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसले. मग अगदी हळू आवाजात मला विचारलं, आपण कुठं निघालो होतो? मी म्हटलं, घरी. त्यांनी गिअर टाकला आणि पुढच्या वळणावर हसून म्हणाले की तू जागी आहेस का ते बघत होतो. मीही हसले. घरी येऊन भाजी निवडायला बसले आणि देठं ठेवून पानं टाकून दिली. हे मी लेकीला सांगितलं नाही, देवाला सांगितलं. देवाला सांगणं सोपं असतं, तो किल्ली काढून घेत नाही.

त्यानंतर यांच्या शेजारी बसून मी सहा वेळा गेले. दर वेळी पट्टा लावायची, डोळे मिटायची आणि ओठातल्या ओठात म्हणायला लागायची. यांना वाटायचं, ही नामस्मरण करते आहे. करतच होते म्हणा.

तर त्या रविवारी शेडमध्ये टॉर्च धरणं हे माझं काम होतं. लग्नापासून तेच काम आहे. पाना, पक्कड कधी हातात घेतली नाही, पण उजेड कुठं पाडायचा ते यांच्या आधी मला कळतं. दोघांच्या खुणा ठरलेल्या आहेत. टॉर्चवर बोटानं एकदा टिचकी म्हणजे थांबा, दोनदा म्हणजे हो.

यांनी आधी सायकलच्या पंपानं प्लगांच्या आजूबाजूची धूळ उडवली, म्हणजे प्लग काढल्यावर कचरा आत पडायला नको. एंजिनात खडा पडला तर पोटात दगड गेल्यासारखं, एवढं मलाही पाठ आहे. मग चारही वायरींना कपडे वाळत घालायचे चिमटे लावले. चिमट्यांवर आकडे लिहिलेले, एक ते चार, कारण वायरींची अदलाबदल झाली तर गाडी सुरूच व्हायची नाही. प्लग पाना लावून एकेक प्लग काढला आणि भोकांवर स्वच्छ चिंधी टाकली. हात जरा हळू चालत होते, पण चुकत नव्हते. मला वाटलं, उगाच घाबरते आहे मी. चौकातलं ते एकदाच झालं असेल. कुणाचंही होतं.

शेवटी काढलेला प्लग त्यांनी टॉर्चखाली धरला. पांढऱ्या चिनी मातीवर केसाएवढा तडा होता. "हा बघ. ठिणगी टोकाला जायच्या ऐवजी इथूनच पळते. हाच तो चोर," ते म्हणाले. मी दोन टिचक्या मारल्या.

आता खरं म्हणजे जुने प्लग टाकून द्यायचे. पण आमच्या पिढीला टाकणं जमत नाही. पूर्वी प्लग टाकत नसत, घासून परत वापरत. यांनी चारही जुने प्लग, तो तडा गेलेला धरून, तारेच्या ब्रशनं घासले, पेट्रोलनं धुतले, फडक्यानं पुसले. दात घासून शाळेत निघालेल्या मुलांसारखे ते चकाकायला लागले. बंपरच्या पुढं एक स्टूल होतं. त्यावरच्या फडक्यावर यांनी दोन ओळी लावल्या. हे एंजिन आणि स्टूल यांच्या मधे उभे होते. त्यांच्या हाताशी नव्या प्लगांची ओळ, पलीकडे जुन्यांची.

पहिला नवा प्लग त्यांनी बोटांनीच फिरवत आत बसवला. आटे नीट धरले आहेत ना ते बोटाला कळतं, पान्याला कळत नाही. टेकल्यावर पाना लावला आणि अर्धा फेरा दिला. नव्या प्लगाचा वॉशर दबायला अर्धा फेरा लागतो. दुसराही तसाच बसला. एवढ्यात घरात फोन वाजला. जावयाचा होता, संध्याकाळी लेकीबरोबर तो येणार नाही हे सांगायला. हे हात पुसत आत गेले, पाचेक मिनिटं बोलले आणि शेडच्या पुढच्या तोंडानं परत आले.

तिकडून येताना स्टूल आधी लागतं. त्यांनी चालता चालता हाताशी असलेल्या ओळीतला प्लग उचलला. बाहेरून येणाऱ्याच्या हाताशी असलेली ओळ जुन्यांची होती. आणि उचलला तो टोकाचा, तडा गेलेला.

मी पाहिलं. पेट्रोलनं लोखंड उजळतं, पण चिनी मातीवर एक फिकट तपकिरी कडं राहतं, ते जात नाही. ते कडं माझ्या टॉर्चच्या उजेडात माझ्यासमोरून गेलं. हे वाकले, तिसऱ्या भोकावरची चिंधी उचलली आणि प्लग आत फिरवायला लागले.

मौन जिभेचं असतं. बोटांचं नसतं. एक टिचकी मारायची होती. ती मारायला मला कुठल्याही व्रताची आडकाठी नव्हती.

मी मारली नाही.

टेकल्यावर यांनी पाना लावला. जुन्या प्लगाचा वॉशर आधीच दबलेला असतो, तो अर्धा फेरा घेत नाही. पाना जागच्या जागी अडला. यांनी जोर लावला. कपाळावर शीर उठली. "याचे आटे जरा घट्ट दिसतात," म्हणाले, आणि क्षणभर थांबले. हातांना कळलं होतं. चौतीस वर्षांचे हात ते, त्यांनी सांगायचा प्रयत्न केला. पण हातांचं म्हणणं डोक्यापर्यंत पोचलं नाही. उजेड हलला असावा, कारण मला म्हणाले, "सरळ धर गं."

मी सरळ धरला.

चौथ्या प्लगाच्या वेळी ते एंजिन आणि स्टूल यांच्या मधेच होते. तो नवा लागला. फडक्यावर चार प्लग उरले, तीन जुने आणि एक नवा. यांनी ते न बघता, बोटांनी मोजत डब्यात टाकले, एक, दोन, तीन, चार. जुने किती काढले? चार. डब्यात किती? चार. हिशेब चोख.

चिमटे बघून वायरी लावल्या आणि गाडी सुरू केली. उभ्या गाडीत असल्या दुखण्याचं फारसं कळत नाही. तरीही माझ्या कानाला मधूनच एक ठोका हलका पडलेला कळत होता. हे डावा कान एंजिनाकडे करून ऐकत होते. "शिवणयंत्र," ते म्हणाले. "नुसतं शिवणयंत्र चाललंय."

बाराचे ठोके पडले तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. यांनी दारातून डोकं आत घातलं आणि विचारलं, लागला का रेडिओ, काय बातम्या? आता जीभ मोकळी होती. मी म्हटलं, "जेवायला चला."

जेवताना ते फार खुशीत होते. अशा खुशीत मी त्यांना महिनाभरात पाहिलं नव्हतं. दुर्बीणबाईंना गाडीतून एक फेरी मारून आणू म्हणाले, म्हणजे त्यांना जवळून दिसेल. तुझ्या डोळ्यांच्या पुढच्या तारखेला मीच नेणार, लेकीला रजा काढायला सांगायची नाही, असंही म्हणाले. मी वाढत होते आणि मान हलवत होते. मग ते हात धुऊन आडवे झाले आणि मी नेहमीच्या वाचनाला बसले.

रोज दुपारी मी एक अध्याय वाचते. त्या दिवशी एकच ओळ पाच वेळा वाचली. शेवटी पुस्तक मिटलं आणि स्वतःशी खरं बोलले. मी टिचकी का मारली नाही? भान राहिलं नाही म्हणून नव्हे. घाबरले म्हणूनही नव्हे. मला ते चुकायला हवे होते. ते चुकले की संध्याकाळी चढावर गाडी हिसका देईल, किल्ली लेकीच्या पर्समध्ये जाईल आणि मला कधीच काही बोलावं लागणार नाही. चौकातलं सांगावं लागणार नाही. शेजारी बसून डोळे मिटावे लागणार नाहीत. जे बायको म्हणून माझ्या तोंडून यायला हवं होतं, ते मी लोखंडाच्या एका तुकड्यावर ढकललं होतं. आणि वर व्रताच्या पदराआड उभी होते. एकोणीस वर्षांपूर्वी मी बोलून पाप केलं. या वेळी न बोलता केलं.

गुपचूप जाऊन तो प्लग बदलून टाकावा, असंही मनात आलं. डब्यात नवा प्लग होता आणि कसा बसवायचा ते मला माहीत होतं. पण मग चढावर हिसका बसला नसता, किल्ली यांच्याकडे राहिली असती, आणि एक दिवस चौकात ते परत मला विचारणार होते, कुठं निघालो होतो. त्या दिवशी शेजारी दुसरं कुणी असलं तर? दोन्हीकडून खोटंच होत होतं.

अडीच वाजता मी त्यांना उठवलं. पायाला हात लावून हलवलं. मी असं कधी उठवत नाही, त्यामुळे ते दचकूनच उठले. मी पलंगाच्या कडेला बसले आणि सांगितलं की तिसरा प्लग जुना आहे, तडा गेलेलाच आहे, तुम्ही बाहेरून आलात आणि बाहेरच्या ओळीतला उचललात.

ते माझ्याकडे बघत राहिले. मनातल्या मनात शेड, स्टूल, दोन ओळी, सगळं परत मांडत असावेत. मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरला, आणि पुढचा प्रश्न काय येणार ते मला कळलं.

"तू कधी पाहिलंस?"

"उचललात तेव्हाच."

"तेव्हाच?" ते उठून बसले. "बोलायचं नव्हतं, मान्य. टिचकी मारायची."

"हो."

"मग?"

मी म्हटलं, "तुम्ही चुकावं असं मला वाटत होतं."

मग चौकातलं सांगितलं. तुम्ही थट्टा करत नव्हता हे मला तेव्हाच कळलं होतं, हेही सांगितलं. पुढं बसायची भीती वाटते, हेही. आवाज चढवला नाही, रडलेही नाही. एखादी जड वस्तू हळूच खाली ठेवावी तसं एकेक वाक्य ठेवत गेले. 

"लग्नापासून टॉर्च धरतेयस," ते म्हणाले. "टॉर्च धरणाऱ्याचं काम काय असतं? मला दिसत नाही ते बघायचं. मी कुणाच्या भरवशावर वाकतो एंजिनात?"

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांना शिव्या येतात, फिटरला येतातच.

ते उठले, चपला घातल्या आणि शेडमध्ये गेले. मीही मागून गेले. त्यांनी डबा फडक्यावर उपडा केला. चार प्लगांमधून नवा प्लग शोधायला त्यांना वेळ लागला नाही. तो दोन बोटांत धरून ते उभे राहिले. मला वाटलं, आता बॉनेट उघडतील. पण त्यांनी प्लग माझ्या हातात दिला, टॉर्च स्वतः घेतला आणि स्टुलावर बसले.

"तू कर," म्हणाले.

मी म्हटलं, अहो, मला जमायचं नाही. ते म्हणाले, पाहिलं आहेस तेवढं पुरे. एंजिन थंड झालंय का, हात लावून बघ.

बॉनेट उघडून हात लावला. थंड होतं. मी तीन नंबरचा चिमटा बघून वायर टोपीला धरून ओढली, कारण वायरीला धरून ओढली तर ती तुटते. पाना लावला. यांनी जोरानं आवळलेला प्लग हलेना. दोन्ही हात लावले, पाय रोवले, तेव्हा कुठं तो कचकन सुटला. बाहेर काढला. तपकिरी कडं, केसाएवढा तडा. यांनी तो घेतला, बराच वेळ उलटसुलट करून बघितला आणि खिशात टाकला. नवा प्लग मी बोटांनी फिरवत आत सोडला. पहिल्यांदा आटे तिरके धरले असं बोटाला जाणवलं. काढून परत लावला, तेव्हा लोण्यात फिरावा तसा फिरला. टेकला. पाना.

"अर्धा फेरा. अर्ध्याला थांब," ते म्हणाले. टॉर्चचा उजेड अगदी जिथं हवा तिथं होता.

वायर लावली. त्या सगळ्या वेळात कामापलीकडचा एकही शब्द ते बोलले नाहीत. चांगलं लावलंस असं म्हणाले नाहीत, आणि मीही त्याची वाट बघितली नाही.

पाचला लेक आली. येतानाच तिचा चेहरा परीक्षकासारखा होता. बॉनेट उघडून बघितलं, वायरी बघितल्या, चिमटे बघून हसली. मग एकटीच गाडी घेऊन गेली. आम्ही दोघं शेडच्या तोंडाशी उभे राहिलो. टाकीचा चढ आमच्या घरापासून दिसतो. गाडी चढाच्या पायथ्याशी थांबली, मुद्दाम थांबवली असणार, आणि मग सरळ एका दमात वर गेली. टाकीला वळसा घालून परत खाली आली आणि पुन्हा एकदा वर गेली. दोन नमुने घेतल्याशिवाय तिचं समाधान होत नाही. समोरच्या खिडकीत दुर्बीणबाईंचा पडदा हलला. मी तिरक्या नजरेनं यांच्याकडे बघितलं. ते गाडीकडे बघत नव्हते. स्वतःच्या तळहातांकडे बघत होते.

लेक परत आली ती हसतच. गाडीतून उतरली, किल्ली बापापुढं धरली आणि म्हणाली, "मानलं बाबा. चुकले मी. एक हिसका नाही. किल्ली तुमची, विषय बंद."

यांनी हात पुढं केला नाही.

ती म्हणाली, घ्या ना. तिला वाटलं, रुसलेत. रुसायचा तुम्हाला हक्क आहे, असंही काहीतरी ती बोलली.

"आईला विचार," हे म्हणाले.

लेक माझ्याकडे वळली. हेही माझ्याकडे बघत होते, डोळे न हलवता. सगळं ते स्वतः सांगू शकले असते. किंवा हात पुढं करून किल्ली घेऊ शकले असते, आणि मग मी काय केलं असतं ते देव जाणे. पण त्यांनी ते सांगणं माझ्याकडे दिलं. शिक्षा म्हणून दिलं की विश्वास म्हणून, ते मला तेव्हा कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही.

मी सांगितलं. तिसरा प्लग मी लावला, हे सांगितलं. आधी यांनी जुना लावला होता आणि मी बघून गप्प राहिले, हेही लपवलं नाही. मग चौक. हिरवा दिवा, मागचे हॉर्न, कुठं निघालो होतो. बापाच्या देखत लेकीला हे सांगणं मला फार जड गेलं. लेकीचं हसू जागच्या जागी थांबलं. तिनं मला पहिल्यांदा विचारलं, "आई, महिना झाला? आणि तू मला आज सांगतेस?"

तिचंही बरोबर होतं. त्या दिवशी सगळ्यांचंच बरोबर होतं, माझं सोडून.

तिनं किल्ली पर्समध्ये टाकली. टाकताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं चष्मा पुसायच्या निमित्तानं पुसलं. उद्या डॉक्टरांची वेळ घेते, मेंदूच्या, म्हणाली. हे म्हणाले, घे. एवढंच. ती बापाच्या खांद्यावर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली आणि मग बसनं गेली. गाडी इथंच राहू दे, मी येईन तेव्हा चालवीन, असं सांगून गेली.

आम्ही आत आलो. दिवस मावळायला आला होता. हे स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसले आणि मी उगाचच ओटा पुसत राहिले. स्वच्छ ओटा किती पुसणार. मागून आवाज आला.

"किती वेळा बसलीस, त्यानंतर?"

"सहा."

"घाबरून?"

"हो."

"उतरली का नाहीस?"

मी फडकं पिळलं. म्हटलं, तुम्ही एकटे गेला असता, त्याची जास्त भीती वाटायची.

त्यांनी खिशातून तो तडा गेलेला प्लग काढून टेबलावर ठेवला. तो घरंगळायला लागला, तसा बोटानं थांबवला. "एकदाच नाही झालेलं," ते म्हणाले. "चौकात. तुझ्यासमोर एकदा झालं."

मी हात पुसले आणि त्यांच्या समोर बसले.

त्यांनी सांगायला सुरुवात केली. मागच्या पावसाळ्यात किराणा दुकानाच्या पायरीवर उभे राहिले ते अर्धा तास, घर कुठल्या हाताला ते आठवेना. एकदा आंघोळीला गेले आणि पाणी अंगावर घेऊन झालं की व्हायचंय, ते कळेना. जुन्या केंद्रावरच्या जोडीदाराचं नाव. लेकीचा वाढदिवस. हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. काही गोष्टी दोनदा सांगितल्या. मी मधे बोलले नाही, दोनदा सांगताय असंही म्हटलं नाही.

बाहेर अंधारून आलं. माझ्या संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ झाली होती. आजवर आजारपणातही ती चुकली नव्हती. यांनीच घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, तुझं व्हायचंय ना, जा.

"तुम्ही सांगा," मी म्हटलं, आणि उठले नाही.